पहिलं मत देण्याआधी: सही कोणाची, ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेचं नागरिकत्व नुकतंच मिळालंय, येत्या निवडणुकीत पहिल्यांदा मत द्यायचंय. घरी मित्रमंडळी जमली की दोन तट पडतात. एक म्हणतो, डेमोक्रॅट अध्यक्ष असला की अर्थव्यवस्था जोरात चालते, आकडे बघा. दुसरा म्हणतो, जे काही चाललंय ते रिपब्लिकन करकपातीमुळे, आणि पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळांत, कितीही पैसा ओता, निकाल शून्य, त्यापेक्षा व्हाउचर द्या, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा. दोघांच्याही फोनवर आलेख तयार. तुम्ही विचारताय, यातलं कोणाचं खरं मानू?

मी बरीच वर्षं एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, बजेट ऑफिसात काढली, नंतर राज्याच्या विधिमंडळाला खर्चाचे अंदाज करून देणाऱ्या कचेरीत. म्हणजे माझा पगार पब्लिक स्कूलच्या आणि करदात्यांच्या पैशातूनच आला. हे आधीच सांगतो, म्हणजे व्हाउचरबद्दल मी जे म्हणेन ते तुम्हाला चाळून घेता येईल.

‘कोणाचं खरं’ हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो, कारण तुमच्या घरात एकाच वेळी तीन वेगळी भांडणं चालली आहेत. काय झालं, ते कोणामुळे झालं, आणि काय व्हायला हवं. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा सरकारी तक्त्यात सापडतं. तिसरं मूल्यांचं भांडण आहे, ते आकड्यांनी मिटत नाही. घोळ सगळा मधल्यात आहे. कामावर मी एक सवय लावून घेतली होती. ‘अमक्याने केलं’ असं कोणी म्हटलं की विचारायचं: या गोष्टीवर सही कोणाची लागते? आणि सही झाल्यावर परिणाम दिसायला किती वेळ जातो?

पहिल्या मित्राचा आकडा खोटा नाही. प्रिन्स्टनचे ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांचा यावरचा शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रूमनपासून ओबामांच्या पहिल्या कारकिर्दीपर्यंत हिशेब मांडला तर डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात जीडीपी वर्षाला सरासरी ४.३३ टक्क्यांनी वाढला, रिपब्लिकनांच्या काळात २.५४ टक्क्यांनी. फरक किरकोळ नाही. पण फोनवरचा आलेख इथे थांबतो आणि निबंध पुढे जातो. हा फरक आला कुठून, हे शोधल्यावर मोठा वाटा तेलाच्या किमतींच्या सौम्य धक्क्यांचा, उत्पादकतेतल्या वाढीचा आणि जगातल्या अनुकूल परिस्थितीचा निघाला. सरकारी खर्चाच्या किंवा व्याजदराच्या धोरणाने तो उलगडत नाही, असं त्यांनी लिहिलं. ब्लाइंडर स्वतः क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळावर होते, तेव्हा श्रेय पक्षाच्या पदरात पडलं असतं तर त्यांना वाईट वाटायचं कारण नव्हतं. १९७३ च्या अरब तेलबंदीवर निक्सन यांची सही नव्हती, पण त्यानंतरची मंदी रिपब्लिकनांच्या खात्यात मोजली जाते. सरासरी काढताना हे आपोआप होतं, त्यात लबाडी नसते.

दुसऱ्या मित्राच्या करकपातीचंही तसंच आहे. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने कंपन्यांचा करदर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. २०१७ च्या आर्थिक वर्षात कंपनी करातून केंद्राला सुमारे २९७ अब्ज डॉलर मिळाले होते, २०१८ मध्ये २०५ अब्ज. विरोधक हा आलेख दाखवतात: बघा, तिजोरी रिकामी केली. समर्थक २०१८ पासून सुरू करतात आणि २०२२ ला थांबतात, तिथे आकडा ४२५ अब्जांवर पोहोचलाय: बघा, दर कमी केला आणि वसुली दुप्पट झाली. दोन्ही आकडे ट्रेझरीचेच. मधल्या काळात महासाथ झाली, सरकारने लोकांच्या हातात पैसा दिला, महागाई भडकली, कंपन्यांचे नफे फुगले. दर ३५ टक्केच राहिला असता तर २०२२ मध्ये किती जमा झाले असते, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात छापलेलं नसतं. ते अंदाजाने काढावं लागतं. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संयुक्त कर समितीने कायदा होतानाच सांगितलं होतं की दहा वर्षांत सुमारे दीड लाख कोटी डॉलरची तूट वाढेल. त्यानंतरचे अभ्यास तपशिलात भांडतात, पण कपातीने स्वतःचा खर्च स्वतः भरून काढला असं म्हणणारा गंभीर अभ्यासक माझ्या वाचनात नाही. त्याने गुंतवणूक काहीशी वाढली, हे मात्र बरेच जण मान्य करतात. म्हणजे तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे, फक्त तो नेमका दुसरा, चुकीचा अर्धा जोरात बोलतो.

१९९८ ते २००१ अशी चार वर्षं अमेरिकेचं केंद्रीय अंदाजपत्रक शिलकीत होतं. श्रेय कोणाचं? डेमोक्रॅट म्हणतात क्लिंटन यांचं: १९९३ ची करवाढ एकाही रिपब्लिकन मताशिवाय झाली, सिनेटमध्ये उपाध्यक्ष गोर यांच्या निर्णायक मतावर. रिपब्लिकन म्हणतात, १९९५ पासून काँग्रेस आमच्याकडे होती आणि १९९७ चा समतोल अंदाजपत्रकाचा कायदा आम्ही रेटला. दोघंही ज्याचं नाव घेत नाहीत तो थोरला बुश. त्याने १९९० मध्ये कर न वाढवण्याचं वचन मोडून खर्चावर मर्यादा आणि करवाढ असा सौदा केला आणि पुढची निवडणूक गमावली. वर डॉट-कॉमच्या लाटेत शेअर विकून झालेल्या नफ्यावरचा कर धो धो आला, त्यावर कोणाचीच सही नव्हती. माझ्या मते या चारांतलं एकही काढलं तर शिल्लक तेवढी आणि त्याच वर्षी आली नसती. टक्केवारीने वाटून द्या म्हटलं तर मला जमणार नाही.

महागाईबद्दल तर दोन्ही बाजू चुकीच्या खुर्चीकडे बोट दाखवतात. व्याजदर फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक ठरवते. तिचे प्रमुख म्हणून पॉल व्होल्कर यांना १९७९ मध्ये कार्टर यांनी नेमलं. १९८० मध्ये महागाई १३.५ टक्के होती. व्होल्कर यांनी दर चढवत १९८१ मध्ये १९ टक्क्यांच्या वर नेले, १९८२ च्या अखेरीला बेकारी १०.८ टक्के झाली, आणि १९८३ मध्ये महागाई ३.२ टक्क्यांवर आली. औषध सुरू केलं कार्टर यांच्या माणसाने, त्याचा कडवटपणा भोवला कार्टर यांना, आणि बरं वाटू लागलं तेव्हा समोर रेगन उभे होते. रेगन यांचं खरं श्रेय वेगळं आहे: मंदी ऐन भरात असताना त्यांनी व्होल्करना पाठीशी घातलं आणि १९८३ मध्ये पुन्हा नेमलं. अलीकडचं उदाहरण जेरोम पॉवेल. ट्रम्प यांनी नेमलं, बायडन यांनी पुन्हा नेमलं. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के झाली तेव्हा २०२१ चं बायडन यांचं मदत पॅकेज त्याला काही अंशी कारण होतं, हे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. किती अंशी, यावर वाद आहे. त्याच सुमारास युरोपातही महागाई तशीच भडकली होती, तेव्हा सगळं खापर एका पॅकेजवर फोडता येत नाही.

मग धोरणाने काहीच होत नाही का? होतं. फक्त ते स्वच्छ दिसतं राज्यांच्या पातळीवर, कारण तिथे शेजारच्या राज्याशी तुलना करता येते. कॅन्सस बघा. २०१२ मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी आयकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि एलएलसीसारख्या धंद्यांतून मालकाच्या हातात येणाऱ्या उत्पन्नावरचा राज्याचा कर शून्य केला. वाढीचा जोर येईल असं सांगितलं गेलं. आला नाही. लोकांनी मात्र आपलं उत्पन्न धंद्याच्या रकान्यात दाखवायला सुरुवात केली, वसुली अंदाजापेक्षा खूपच घटली, रस्त्यांचा निधी शाळा-दवाखान्यांकडे वळवावा लागला. २०१५ मध्ये काही डिस्ट्रिक्टनी पैशाअभावी शाळा ठरल्या तारखेआधीच बंद केल्या. ब्राउनबॅक यांच्या बाजूने सांगायचं तर त्याच काळात शेतमालाचे आणि तेलाचे भाव पडले, तिथल्या विचिटा शहराचा विमान उद्योगही गार होता. पण शेजारच्या राज्यांनाही पडत्या भावांचा फटका बसत होता, आणि तरी कॅन्सस त्यांच्यापुढे गेलं नाही.

या गोष्टीचा शेवट तुमच्या दोन्ही मित्रांना सांगा. जून २०१७ मध्ये ही करकपात मागे घेतली गेली, गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून, आणि ती मागे घेणाऱ्या दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचं होतं. बजेट ऑफिसात बसलेल्या कोणालाही याचं नवल वाटलं नसेल. ज्याच्या मतदारसंघातली शाळा लवकर बंद होते, त्या आमदाराला पक्षाची घोषणा फार काळ म्हणता येत नाही.

आता शाळा, म्हणजे माझा प्रांत. पब्लिक स्कूलच्या पैशात केंद्राचा वाटा साधारण आठ टक्के असायचा. महासाथीच्या मदतीने तो काही वर्षं वाढला. बाकीचे सगळे पैसे राज्याचे आणि स्थानिक, स्थानिकांत मुख्य म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सचे. अभ्यासक्रम, शिक्षकाची नेमणूक, पगार, बस, वर्गात किती मुलं, यातल्या कशावरही अध्यक्षाची सही लागत नाही. ‘बायडननी शाळा बिघडवल्या’ किंवा ‘ट्रम्प शाळा बुडवणार’ हे ऐकलं की आधी विचारायचं, आठ टक्क्यांतून की बाकीच्या ब्याण्णवांतून? त्या आठ टक्क्यांना हलकंही समजू नका. ते गरीब वस्त्यांतल्या आणि अपंग मुलांच्या शाळांकडे जातात, तिथे त्यांचं वजन मोठं असतं. अपंग मुलांसाठी १९७५ च्या कायद्यात केंद्राने अशा दर मुलामागे, देशात एका विद्यार्थ्यावर होणाऱ्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं ठरवलं होतं. तेवढा वाटा एकाही वर्षी आला नाही, अध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असो. उरलेलं डिस्ट्रिक्ट भरतं, कारण त्या मुलांना शिकवणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘पैसा वाढला, निकाल वाढले नाहीत’ या तक्रारीतला बराच पैसा इथे गेलेला असतो, शिवाय पेन्शन आणि आरोग्य विम्यात. तो वाया गेला असं नाही, पण सगळ्या मुलांच्या गणिताच्या गुणांत तो दिसणारही नाही.

एक प्रसंग सांगतो. महासाथीत काँग्रेसने तीन कायदे करून शाळांना मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. पहिले दोन ट्रम्प यांच्या सहीचे, तिसरा आणि सर्वांत मोठा बायडन यांच्या. शेवटची रक्कम ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत खर्ची टाकायची होती. पुष्कळ डिस्ट्रिक्टनी त्यातून वाचन-मार्गदर्शक शिक्षक घेतले. २०२४ च्या वसंतात स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, एका बैठकीत अशा पदांची यादी आली: ही पदं पुढच्या वर्षी नाहीत. एक पालक उठल्या आणि तावातावाने म्हणाल्या, नवं बोर्ड काटकसरीच्या नावावर निवडून आलं आणि पहिली कुऱ्हाड आमच्या मुलांच्या शिक्षकांवर. टाळ्या पडल्या. पडद्यावर तक्ता होता. आमच्या तक्त्यात प्रत्येक पदापुढे एक रकाना असतो, पगार कुठल्या निधीतून, आणि त्यापुढे निधी संपण्याची तारीख. नेमणूक झाली त्याच दिवशी तिथे ३०-९-२०२४ लिहिलेलं होतं, आणि ती नेमणूक जुन्या बोर्डाने केली होती. नव्या बोर्डातल्या एका सदस्याने ते दाखवलं, त्याला टाळ्या पडल्या नाहीत. खरं तर त्या बाईंचा एक प्रश्न बिनतोड होता: पदं उपयोगी होती तर स्थानिक पैशातून का ठेवत नाही? त्यावर बोर्डाची सही लागते, आणि तिथे त्यांना जाब विचारणं अगदी योग्य. पण संध्याकाळ सगळी चुकीच्या आरोपावर गेली.

शाळांवर पक्षाचा रंग नीट बसत नाही, याची दोन राज्यं साक्षीला आहेत. मिसिसिपी हे रिपब्लिकन राज्य. २०१३ मध्ये चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत त्याचे गुण २०९ होते, देशाची सरासरी २२१. त्या वर्षी राज्याने कायदा केला: शिक्षकांना वाचन शिकवण्याचं शास्त्रीय प्रशिक्षण, शाळांत मार्गदर्शक, मुलांची वेळोवेळी चाचणी, आणि तिसरीच्या शेवटी वाचता येत नसेल तर वर्ग पुन्हा. २०२४ मध्ये मिसिसिपी २१९, देश २१४. मुलं मागे ठेवल्याने गुण थोडे फुगले का, ही शंका रास्त आहे, आणि आठवीत एवढी झेप दिसत नाही. पण काम झालंय. दुसरं मॅसॅच्युसेट्स, डेमोक्रॅट बालेकिल्ला. तिथली १९९३ ची सुधारणा डेमोक्रॅट विधिमंडळ आणि रिपब्लिकन गव्हर्नर यांनी मिळून केली: गरीब डिस्ट्रिक्टना भरपूर पैसा, बदल्यात कडक परीक्षा. वर्षानुवर्षं ते राज्य गुणांत वरच्या रांगेत राहिलं. २०२४ मध्ये तिथल्याच मतदारांनी पदवीसाठीची परीक्षेची अट काढून टाकली. दोन्हीकडे मला सारखं काय दिसतं? शिक्षक काय आणि कसं शिकवतात यात हात घातला, आणि सरकार बदललं तरी दहा-दहा वर्षं ते सोडलं नाही. निवडणुकीच्या प्रचारात हे विकलं जात नाही.

व्हाउचरचं उत्तर बरंचसं कुठे आणि कोणासाठी यावर अवलंबून आहे. मिलवॉकीत १९९० मध्ये ते गरीब कुटुंबांसाठी सुरू झालं. ॲरिझोनाने २०२२ मध्ये ते सगळ्यांना खुलं केलं, तेव्हा सुरुवातीच्या अर्जदारांत बहुतेक मुलं आधीही पब्लिक स्कूलमध्ये नव्हती. म्हणजे मुलांनी शाळा बदलली नाही, बिल राज्याकडे आलं. दोन्हींना एकच नाव आहे म्हणून ते एक धोरण होत नाही. हिशेबनीस म्हणून माझी अडचण अशी: एका शाळेतून वेगवेगळ्या वर्गांतली सात मुलं गेली तर सात मुलांचं अनुदान जातं, पण एकही वर्ग बंद होत नाही, बस तेवढीच धावते, हीटिंग तेवढंच लागतं. शहरात हे काही वर्षांत सावरता येतं, खेड्यात नाही. म्हणूनच केंटकीत नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प दणक्यात जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवरची खासगी शाळांना सरकारी पैसा देऊ पाहणारी घटनादुरुस्ती सगळ्याच्या सगळ्या १२० काउंटींत (जिल्ह्यांत) पडली. पण ज्या आईचं मूल जवळच्या शाळेत दोन वर्षं मार खातंय, तिला माझ्या हीटिंगच्या हिशेबाशी काय देणंघेणं? तिचा मुद्दा मूल्यांचा आहे, आणि तो खरा आहे.

राहिला नेत्याचा प्रश्न. मिशिगन विद्यापीठाच्या ग्राहक सर्वेक्षणात दर अध्यक्षबदलानंतर एक गंमत दिसते: जिंकलेल्या पक्षाच्या लोकांना अर्थव्यवस्था एकदम बरी वाटू लागते, हरलेल्यांना वाईट. २०१६, २०२०, २०२४, तिन्ही वेळा. पगार आणि किराणा तोच असतो. गॅलप या मतचाचणी संस्थेने २०२३ मध्ये विचारलं तेव्हा देशातल्या शालेय शिक्षणावर ३६ टक्के लोक समाधानी होते, पण आपल्या मुलाच्या शिक्षणावर ७६ टक्के पालक समाधानी. जे रोज बघतो त्याबद्दल एक मत आणि जे टीव्हीवर बघतो त्याबद्दल दुसरं. तरी अध्यक्ष कोण आहे याने फरक पडतोच, फक्त तो जिथे त्याची सही बहुतांशी एकट्याची चालते तिथे बघा: नेमणुका, परराष्ट्र व्यवहार, आयात शुल्क. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर शुल्क लावलं, चीनने सोयाबीनवर उलटवलं, शेतकऱ्यांना भरपाई सरकारला द्यावी लागली. तो निर्णय नखशिखांत त्यांचा. पण बायडन यांनी ती शुल्कं बहुतेक तशीच ठेवली आणि २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं तर १०० टक्क्यांवर नेलं. हे ऐकवल्यावर तुमच्या दोन्ही मित्रांची थोडी पंचाईत होईल.

एवढं सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते खरं मतभेदाचं: तूट वाढली तरी कर कमी असावेत का, श्रीमंतांना जास्त फायदा झाला तर चालेल का, मुलाची शाळा ठरवण्याचा हक्क आईबापांचा किती आणि गावाचा किती. यावर मित्रांना मनसोक्त भांडू द्या. तुमचंही मत इथेच बनेल, आणि ते मी सांगणार नाही.

व्यवहाराचं तेवढं सांगतो. काउंटीच्या निवडणूक कचेरीच्या साइटवर नमुना मतपत्रिका मिळते, ती आधी काढा आणि खालून वर वाचा. स्कूल बोर्ड आणि राज्याचे आमदार यांच्या सहीने तुमच्या घराजवळ जेवढं बदलतं तेवढं अध्यक्षाच्या सहीने नाही, आणि तिथे काहीशे मतांनी निकाल फिरतो. पुष्कळ ठिकाणी बोर्डाच्या उमेदवारापुढे पक्षाचं नावच नसतं, तेव्हा त्याच्या सभेला जाऊन एकच विचारा: गेल्या अंदाजपत्रकातलं कुठलं पद तुम्ही ठेवलं असतं आणि त्यासाठी कुठलं काढलं असतं? उत्तर नुसतं ‘वायफळ खर्च’ किंवा ‘अधिक निधी’ असं आलं तर त्याने अंदाजपत्रक उघडलेलं नाही. शाळांसाठीच्या कराचा ठराव मतपत्रिकेवर असेल तर मजकूर पूर्ण वाचा. तो जुन्या कराचं नूतनीकरण आहे की नवा कर, हे तिथे लिहिलेलं असतं. अंगणातल्या पाट्यांवर दोन्ही वेळा फक्त ‘मुलांसाठी हो म्हणा’ एवढंच असतं.